मोटर न उघडताच सांगितलेलं कारण

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे बाबांनी दुरुस्तीला आलेल्या मोटरीवर खडूनं मालकाचं गाव लिहिणं. मोटर दुरुस्त होऊन गेली की तेही पुसलं जायचं. माझ्या आधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजात गेलेलं नाही. मीही अमरावतीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे अजून धड शिकलेला नाही. इथं मी शरीरातल्या एका अवयवाबद्दल बोलणार आहे, तो डॉक्टरांचा विषय. वडिलांबद्दल बोलणार आहे, तेही त्यांना न विचारता. दोन्ही मला शोभत नाही. पण अकोल्याच्या एका दवाखान्याच्या फाइलीत माझ्या वडिलांबद्दल एक खोटी गोष्ट लिहिलेली आहे, आणि त्या फाइलीच्या पहिल्या पानावर खाली सही माझी आहे. ती फाइल राहणार. मग खरं काय झालं तेही कुठंतरी लिहिलेलं असावं, एवढ्यासाठी हे.

पातूरच्या अलीकडे आमचं गाव आहे. गावाच्या फाट्यावर बाबांचं मोटर वाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटरी जळल्या की शेतकरी त्या गाडीवर टाकून आणतात. आणणारा माणूस बहुतेक चिडलेला असतो. पाणी थांबलेलं असतं, पीक सुकत असतं. तो येतानाच कारण ठरवून येतो. कंपनीनं माल खराब दिला, किंवा मागच्या वेळी तूच नीट भरली नाही.

"कावून जळली हे पाहून तं सांग," असं म्हणत ते मोटर बाकावर आपटतात.

"बंद मोटर काही बोलत नाही भाऊ. उघडू दे," असं बाबा म्हणतात.

मग ते बोल्ट काढतात, झाकण उतरवतात आणि आतल्या तांब्याच्या तारेचा रंग पाहतात. सगळ्या गुंडाळ्या सारख्याच काळ्या असल्या तर मोटरीवर बोजा जास्त पडला. एक भाग कोळसा आणि बाजूचा भाग नव्यासारखा असला तर विजेच्या तीनपैकी एक फेज गेलेला होता आणि मोटर उरलेल्यांवर घुमत राहिली. मी लहानपणापासून हे पाहिलं आहे. उघडायच्या आधी बाबांनी कारण सांगितल्याचं मला एकदाही आठवत नाही.

दर रविवारी सकाळी बाबा विहारात जातात. भंतेजी आमच्याकडे वर्षातून एक-दोनदा येतात, एरवी वंदना गावातलाच कुणीतरी घेतो. गेली कित्येक वर्षं ते काम बाबांकडे होतं. एकेक शील ते आधी म्हणायचे, मग बाकीचे त्यांच्या मागं म्हणायचे. पहिली चार सरळ जायची. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. ते म्हणायच्या आधी बाबा थोडं थांबायचे आणि पुरुषांच्या बाजूला पाहायचे. त्या बाजूनं हमखास खोकला ऐकू यायचा. बायकांमध्ये हसू फुटायचं. सगळ्यात मोठा खोकला माझ्या काकांचा. काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, विहार समितीचे अध्यक्ष.

आजोबा दारूनं गेले तेव्हा बाबा नऊ वर्षांचे होते. त्यांनी आयुष्यात कधी तिला हात लावला नाही. पण ते भाषण देत नसत. एखाद्या घरची बाई रडत दुकानावर आली की बाबा तिच्या नवऱ्याला किंवा पोराला बोलावून घ्यायचे आणि कॉइल गुंडाळायच्या चाकावर बसवायचे.

"सत्तर वेढे मोजून दे. मंग जाय कुठं जायचं तिथं."

प्यालेल्या माणसाला सत्तरपर्यंत मोजता येत नाही. तो चाळीसला अडकतो, पुन्हा एकपासून सुरू करतो. बाबा ती चुकलेली कॉइल शांतपणे सोडवून पुन्हा त्याच्या हातात द्यायचे. बाजूला पंक्चरचं दुकान असलेले चाचा मोठ्यानं हसायचे, "अरे भाई, इतने में तो मैं दो टायर बदल दूँ!" काही लोक चिडून उठून गेले. पण तीन-चार जण खरंच सुटले. त्यांच्या आया आणि बायका बाबांना विहारात पुढं बसलेलं पाहून कशा पाहायच्या, ते मला आठवतं.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला विहिरींचं पाणी खाली गेलं तशा लोकांनी मोटरी खाली सरकवायला काढल्या. अशाच एका विहिरीवर बाबा गेले होते. सोबत चाचा होते. तीन लोखंडी पाइप उभे करून त्याला चेनपुली लावली होती. काठावरची माती ओली होती, एक पाइप सरकला आणि त्याचं कापलेलं टोक बाबांच्या मांडीत घुसलं. मोठी रक्तवाहिनी फाटली. चाचांनी स्वतःचा गमछा फाडून मांडी आवळली, पण तोवर माती लाल झाली होती.

मला फोन आला तेव्हा मी प्रॅक्टिकलला होतो. मूर्तिजापूरवरून येणारी बस अकोल्यात पोहोचेपर्यंत तीन वाजले. बाबा अतिदक्षता विभागात होते, पांढरेफटक. माय आणि चाचा रक्तपेढीत गेले होते. मी एकटाच दारात उभा होतो, तेवढ्यात सिस्टर एक फॉर्म घेऊन आल्या.

"तुम्ही मुलगा ना? पेशंटला शुगर आहे?"

"माहीत नाही."

"बीपीची गोळी?"

"माहीत नाही."

"कशाची अ‍ॅलर्जी?"

"माहीत नाही."

"दारू घेतात?"

इथं मी थांबलो. मी का थांबलो, हे मला खरं सांगायचं आहे. आमच्या झूलॉजीच्या मॅडम प्रॅक्टिकलची वही तपासताना नेहमी म्हणतात, जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा. दिसलं नाही याचा अर्थ नाहीच, असं लिहू नका. ते मला फार पटलं होतं. मी कॉलेज लागल्यापासून हॉस्टेलला. घरी महिन्यातून एकदा. शिकलेला माणूस अशा वेळी नेमकं उत्तर देतो, असं मला वाटलं. आणि अजून एक. हॉस्टेलवर इतक्या मुलांकडून त्यांच्या वडिलांचं ऐकलं होतं की एका क्षणासाठी, फक्त एका क्षणासाठी, माझ्याही मनात आलं: आपल्या मागं काय, कुणाला ठाऊक?

"मी अमरावतीला असतो," मी म्हणालो, "नक्की सांगता येत नाही."

फॉर्मवर त्या प्रश्नापुढं दोनच चौकोन होते. हो आणि नाही. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे घेतात," त्या म्हणाल्या आणि हो वर खूण केली. "इथं सही करा."

मी सही केली. कॉलेजात लागल्यापासून मी इंग्रजीत सही करतो. नीट, पूर्ण नावाची केली.

बाबांना तीन पिशव्या रक्त चढलं. संध्याकाळी बीपी वर आलं. मांडीचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टर म्हणाले धोका टळला. आम्ही चहा प्यालो. पण तिसऱ्या दिवशी बाबांचे डोळे पिवळे दिसायला लागले. ते असंबद्ध बोलत होते, मायला "फेज पाहा, फेज पाहा" म्हणत होते. रक्ताचा रिपोर्ट आला. लिव्हरचा एक आकडा असतो, तो पन्नासच्या आत असायला हवा. बाबांचा चार हजारांच्या वर होता.

राउंडला मोठे डॉक्टर आले. त्यांच्या मागं तीन-चार शिकाऊ डॉक्टर. त्यांनी फाइल उघडली, पहिलं पान पाहिलं आणि थेट बाबांना विचारलं, "किती घेत होता रोज?"

बाबा गुंगीत होते. "काय?"

"दारू."

"घेत नाही साहेब."

डॉक्टर मागं वळून शिकाऊ मुलांकडे पाहून हसले. "सगळे असंच म्हणतात. लिव्हर खोटं बोलत नाही."

ती मुलंही हसली. त्यातली एक माझ्याच वयाची असेल. मी तिथंच उभा होतो. बोलायला हवं होतं, बोललो नाही. मोठे डॉक्टर समोर असले की आमच्यासारख्यांचा आवाज आपोआप खाली जातो. हे कुणी शिकवत नाही, पण आम्हा सगळ्यांना येतं.

पुढं काय झालं ते ऐका. पाचव्या दिवशी तो आकडा निम्म्याहून खाली आला. आठव्या दिवशी आणखी खाली. बाबा शुद्धीवर, जेवायला लागले. डॉक्टर म्हणाले, "बघा, दारू बंद केल्याबरोबर लिव्हर सुधारलं." म्हणजे आकडा वर गेला तेव्हाही दारू, खाली आला तेव्हाही दारू. या माणसाच्या हातून सुटायला माझ्या वडिलांच्या लिव्हरनं करायचं तरी काय होतं?

काका भेटायला आले तेव्हा फाइल पलंगाच्या टोकाला लटकत होती. त्यांनी ती चाळली, मोबाइलवर फोटो काढला. ओळखीच्या डॉक्टरला दाखवतो म्हणाले.

"काय म्हणते डॉक्टर?" त्यांनी मायला विचारलं.

"लिव्हरवर सूज हाय म्हणते."

"हां. आता लिव्हर काही चहानं खराब होत नाही, वहिनी."

माय मोसंबी सोलत होती. तिनं हात थांबवला. "तुमाले काय म्हणाचं हाय ते तोंडानं म्हणा, भाऊजी."

"मी कुठं काय म्हटलं? डॉक्टरच म्हणून राहिला. कागदावर हाय."

"डॉक्टर नांदला का त्याईच्या संग चोवीस वर्षं?"

काका हसून निघून गेले. संध्याकाळपर्यंत तो फोटो गावाच्या ग्रुपवर होता. खाली कुणी हात जोडलेलं चिन्ह टाकलं, कुणी "लवकर बरे व्हा", आणि एकानं लिहिलं, "आता सत्तर वेढे कोण मोजणार?" त्यावर अकरा जणांनी हसणारे चेहरे टाकले. मी मोजले.

घरी सोडताना मिळालेल्या कार्डावर इंग्रजीत जे लिहिलं होतं त्याचा अर्थ असा: दीर्घकाळ दारूचं सेवन, त्यामुळं यकृताला इजा. वर सल्ला: दारू बंद करावी. माझे वडील ते वाचू शकत नाहीत. बारावीतल्या माझ्या बहिणीनं त्यांना ते वाचून दाखवलं. मग तिनं फाइलीची झेरॉक्सही चाळली आणि पहिलं पानही वाचलं. माहिती देणारा: मुलगा. खाली सही.

बाबा पलंगावर पाय लांब करून बसले होते. त्यांनी आवाज चढवला नाही.

"तुले माहीत नोतं का रे?"

मी मॅडमचं, वहीचं, नेमक्या उत्तराचं सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. ते पुन्हा काही बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. एवढंच विचारलं.

महिन्याभरानं ते काठी टेकत विहारात गेले. त्या रविवारी मी घरी होतो. ते नेहमीप्रमाणं पुढं जायला लागले तसे काका आडवे आले.

"दादा, तू आराम कर. आज मी घेतो वंदना."

"मी बरा हाय आता."

"ते झालं. पण लोकं बोलून राहिले. पाचवं शील तुह्या तोंडून... समजून घे ना. कागद साफ होऊ दे, मंग तुहंच हाय सारं."

बाबांनी काकांकडे पाहिलं, मग बसलेल्या लोकांकडे. मान खाली घालून बसलेल्यांत ते तीन-चार जणही होते, ज्यांच्या हातून त्यांनी कॉइली सोडवून घेतल्या होत्या. कुणी उठलं नाही. बाबा मागं वळले आणि चपलांजवळ, शेवटच्या ओळीत जाऊन बसले. काकांनी वंदना घेतली. पाचव्या शीलाच्या वेळी खोकला आला नाही, कारण खोकणारा पुढं बसला होता.

त्यानंतर बाबा रोज दुकानात जायचे, पण रविवारी सकाळी विहारात जाऊन मागंच बसायचे. माय म्हणायची, घरीच राहा. ते म्हणायचे, "मी कायले घरी राहू?"

अमरावतीला परत आल्यावर मला झोप लागेना, वाचलेलं डोक्यात राहीना. शेवटी एक दिवस प्रॅक्टिकल संपल्यावर मी झूलॉजीच्या मॅडमपाशी थांबलो. सगळी मुलं गेली, तरी मी वही उघडझाप करत होतो.

"काय आहे?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, दारू न पिता लिव्हर खराब होतं का?"

"कितीतरी कारणांनी होतं. कुणाचं?"

मी बाबांच्या जखमेचं सांगितलं, मोबाइलमधले रिपोर्ट दाखवले. त्यांनी चष्मा लावून तारखा आणि आकडे एका कागदावर ओळीनं उतरवून घेतले. मग मला विचारलं, "ज्या दिवशी रक्त गेलं, त्या दिवशी बीपी किती वेळ मोजताच येत नव्हतं?"

"माहीत नाही."

"मग ज्याला माहीत आहे त्याला विचार. तुला माहीत नाही म्हणजे कुणालाच माहीत नाही, असं नाही."

त्यांना माझ्या फॉर्मचं काहीच ठाऊक नव्हतं. तरी माझे कान गरम झाले.

मी चाचांना फोन केला. त्यांनी सगळं तोंडपाठ सांगितलं.

"पौने ग्यारा को लगा, मैंने मोबाइल देखा था। ट्रॅक्टर मिलने में आधा घंटा। पातूर में सिर्फ पट्टी और सलाईन। ॲम्ब्युलन्स सव्वाबारा को। अकोले में सिस्टर बोली, मशीन में नंबर नहीं आ रहा, हाथ ठंडे हैं। खून चढ़ा तब जाके चार बजे नंबर आया।"

"चाचा, हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलं?"

"किसने पूछा, बेटा? मैं तो वहीं बाहर बैठा था, तीन दिन। चाय लाने को बोलते थे, बस।"

हे ऐकून मला जेवढा राग आला तेवढा त्या डॉक्टरांच्या हसण्याचाही आला नव्हता. ज्याला मिनिटा-मिनिटाचा हिशोब तोंडपाठ होता तो माणूस दाराबाहेरच्या बाकावर बसलेला होता, आणि आत मोठे डॉक्टर माझ्या सहीच्या वरच्या एका खुणेवरून माझ्या वडिलांचं आयुष्य वाचत होते. लुंगी नेसलेला, हाताला ग्रीस लागलेला माणूस काही सांगू शकेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मॅडमनी मला फळ्यावर काढून समजावलं. लिव्हरला सतत रक्त लागतं. रक्त फार गेलं की शरीर उरलेलं रक्त मेंदूला आणि हृदयाला राखतं, लिव्हर उपाशी राहतं. त्या उपासानं त्याच्या पेशी दुबळ्या होतात. मग रक्त परत येतं. आपल्याला वाटतं, आता सगळं ठीक झालं. पण उपाशी पेशींमध्ये ऑक्सिजन एकदम शिरतो तेव्हा आतल्या आत घातक पदार्थ तयार होतात, सूज येते, आणि ज्या पेशी तोवर कशाबशा टिकल्या होत्या त्याही फुटतात. एक-दोन दिवसांत आकडे हजारांत जातात. रक्त नीट सुरू राहिलं तर तितक्याच झपाट्यानं खाली येतात.

"दारूच्या लिव्हरचे आकडे सहसा इतके वर जात नाहीत," त्या म्हणाल्या, "आणि असे चार दिवसांत कोसळतही नाहीत. हे वळण बघ. हे वळणच सांगतंय."

त्यांनी मला अमरावतीतल्या त्यांच्या ओळखीच्या एका फिजिशियनकडे पाठवलं. बाबांना मी बसनं घेऊन आलो. त्या डॉक्टरांनी बाबांना तपासलं, जखम कशी झाली ते विचारलं, मी लिहून आणलेल्या चाचांच्या वेळा वाचल्या, सोनोग्राफी पाहिली. सगळं मिळून पंधरा मिनिटं. मग एक पत्र लिहून दिलं: रक्तस्रावामुळं यकृताचा रक्तपुरवठा खंडित होऊन आणि तो पूर्ववत झाल्यानंतर झालेली इजा, आता पूर्ण बरी, दारूशी संबंध नाही. पंधरा मिनिटं! अकोल्यात आम्ही अकरा दिवस होतो.

गावी परतल्यावर दुकानात मी बाबांना हे सगळं सांगत होतो. एका जळक्या मोटरीच्या अंगावर खडूनं लिव्हर काढलं, नळ्या काढल्या. बाबा कॉइल भरत ऐकत होते. बराच वेळ झाला तरी हात थांबले नाहीत.

"म्हंजे रक्त गेलं तवा अर्धं नुकसान झालं," ते म्हणाले, "अन् आलं तवा बाकीचं."

"हो."

"मंग हे तं रोजचंच हाय. लाईन गेली की मोटर उगी राहते. लाईन येते तवा कधी दाब कमी, कधी एक फेज नाही, अन् ऑटो-स्टार्टर लावून ठेवलेला असते. तशीच उचलते अन् जळते. म्हणून तं मी साऱ्याईले सांगतो, लाईन आली की घाई करू नका." मग त्यांनी चाक थांबवलं. "मंग त्याईले कसं समजलं नाही? थे तं शिकेल लोकं."

मी हातातला खडू खाली ठेवला.

"मोटर न उघडताच सांगतलं त्याईनं," बाबा म्हणाले.

मला वाटलं, आता ते पत्र विहारात वाचून दाखवू. काकांच्या समोर, सगळ्यांच्या समोर. मी तसं म्हणालो. बाबांनी पत्र घडी करून माझ्याच खिशात ठेवलं.

"मी पेत नाही, हे मी कागद दाखवून सांगू? मंग आजपर्यंत जे मागं म्हणत होते, थे काय कागद पाहून म्हणत होते?"

त्यांचं खरं होतं. पण माझा राग कुठं जाणार? मी ते पत्र घेऊन अकोल्याला त्या दवाखान्यात गेलो. एकदा नाही, तीनदा. खिडकीतल्या माणसानं पहिल्यांदा सांगितलं, कार्ड सिस्टीममधून निघालं, आता बदलत नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, बाहेरच्या डॉक्टरांचं पत्र चालत नाही, पेशंट दारू घेत नाही याचा पुरावा आणा.

"घेत नाही याचा पुरावा कसा असतो?" मी विचारलं.

"ते तुम्ही बघा."

तिसऱ्यांदा त्यानं फाइल काढून पहिलं पान माझ्यासमोर ठेवलं. "माहिती कुणी दिली?"

"मी."

"ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग आमची चूक कुठं आहे?"

मागं रांग होती. मी सांगायचा प्रयत्न केला की मी "नक्की सांगता येत नाही" म्हणालो होतो, की तुमच्या कागदावर माहीत नाही असं लिहायला जागाच नाही, की ज्याला माहीत होतं तो बाहेरच्या बाकावर बसला होता. मागचा माणूस म्हणाला, "लवकर आटपा गा." मी अर्ज लिहून दिला. माझी चूक मी त्यात लिहिली, त्यांची त्यांनी लिहावी अशी विनंती केली. साहेब बघतील म्हणाले. साहेबांनी अजून बघितलेलं नाही.

आपली चूक मी नाकारत नाही. मी त्या दिवशी नाही म्हणायला हवं होतं, आणि ते खोटं ठरलं नसतं. आपल्या बापाबद्दल माणसाला काही गोष्टी पाहिल्याशिवायही माहीत असतात, आणि ते माहीत असणं कच्चं नसतं. पण एकोणीस वर्षांच्या घाबरलेल्या मुलाची चूक आणि अकरा दिवस आकडे पाहून एकदाही प्रश्न न पडलेल्या माणसांची चूक एकाच मापानं मोजली जाते, त्याचा मला संताप येतो. आमच्या घरचा माणूस आजारी पडला की आधी व्यसन शोधलं जातं. ते सापडलं नाही तर लपवलं असं म्हणतात.

गेल्या रविवारी मी हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. दहाच्या सुमारास बहिणीचा फोन आला. ती इतक्या जोरात बोलत होती की मला वाटलं, घरी काही झालं.

"दादा, आज विहारात बाया गप्प बसल्या!"

"म्हणजे? नीट सांग."

"काका वंदना घेत होते. चार शीलं झाले, साऱ्याईनं म्हटले. पाचवं काकानं म्हटलं अन् मागं आवाजच नाही. माणसाईचे चार-दोन आवाज आले अन् थेही थांबले."

"कोणी ठरवलं होतं?"

"कोणीच नाही. मायले बी माहीत नोतं. समोर थे आजी बसते ना, जिचा पोरगा बाबाच्या दुकानात वेढे मोजत होता, थे गप्प राहिली. मंग साऱ्याच. काकानं अजून एक डाव म्हटलं. तरी चूप. मंग काका म्हणे, काय झालं वं? तं आजी म्हणे, पाचवं म्या त्याच्या तोंडून घेतलं तवा माह्या पोराची सुटली. तुह्या तोंडून घेतलं तं परत लागन."

मला हसू आलं आणि हातातला ओला शर्ट खाली पडला.

"मग?"

"मंग सारे मागं पाहून राहिले. बाबा चपलाईपाशी बसले होते. काठी घेऊन उठले, हळूहळू पुढं गेले. काका सरकले बाजूले. बाबानं पाचवं म्हटलं. थांबले बी होते नेहमीसारखे, माणसाईकडे पाहाले."

"कुणी खोकललं?"

"नाही." मागं घरातली भांडी वाजत होती. "अन् दादा, घरी आल्यावर बाबा म्हणे, त्याले फोन कर. म्या म्हटलं, काय सांगू? तं म्हणे, सांग त्याले, आता तुले माहीत हाय."